नापास नग आणि बंद पाडलेले मशीन: फाइलसिस्टीमच्या चाचणीत तयार इमेज कधी वापरावी आणि एरर इंजेक्शन कधी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या घरातील कोणी काम करते, त्यांनी लाल रंग दिलेल्या ‘नापास नगा’विषयी ऐकलेले असते. हा नग मुद्दाम चुकीच्या मापाचा असतो आणि अनेक कारखान्यांत पाळी सुरू होताना तो तपासणीच्या यंत्रातून फिरवला जातो. यंत्राने तो बाजूला काढला नाही, तर यंत्रावरच शंका घेतली जाते. त्याच कारखान्यात एक निराळी परीक्षाही होते: मशीन चालू असताना त्याचा पुरवठा तोडतात, दार उघडतात आणि ते मशीन नीट थांबते की हातातले काम वाकडे करून ठेवते, ते पाहतात. पहिली परीक्षा तपासणाऱ्याची असते आणि दुसरी चालणाऱ्याची. फाइलसिस्टीमच्या चाचणीतही हे दोनच मूळ मार्ग आहेत: मुद्दाम बिघडवलेली इमेज, म्हणजे डिस्कची फाइलरूपातील प्रत, तपासायला देणे, किंवा काम चालू असताना मुद्दाम त्रुटी घडवणे, म्हणजे एरर इंजेक्शन; आणि नवखा माणूस बहुधा त्यांची सरमिसळ करतो.

कॉलेज रोडजवळच्या एका खोलीत दर शनिवारी आम्ही काही जण लिनक्सच्या फाइलसिस्टीमचा अभ्यास करायला बसतो. येणाऱ्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात, तसे दिवसा नोकरी करून शिकणारेही असतात. प्रत्येक नव्या तुकडीला मी जे तोंडी सांगत आलो, ते येथे पायऱ्यांच्या क्रमाने लिहिले आहे. वाचकाला लिनक्सचे टर्मिनल वापरता येते आणि माउंट म्हणजे काय ते ठाऊक आहे, एवढेच मी गृहीत धरतो. आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीतच टंकावी लागतात.

पहिली पायरी: सुरक्षित जागा

या लेखातील एकही प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपच्या खऱ्या डिस्कवर करू नये. क्यूईएमयूसारख्या साधनाने एक छोटे व्हर्च्युअल मशीन उभे करावे आणि सर्व काही त्याच्या आत करावे. चाचणीत कर्नल अडकून पडणे हा अपघात नसून अपेक्षित निकालांपैकी एक निकाल आहे, आणि अडकलेले व्हर्च्युअल मशीन बंद करायला क्षणभरच लागतो.

दुसरी पायरी: प्रश्न कागदावर लिहावा

साधन निवडण्याआधी आपल्याला काय विचारायचे आहे ते एका वाक्यात लिहावे. उदाहरणार्थ, ‘आयनोडमधील दुव्यांची संख्या चुकली असेल तर दुरुस्तीचा प्रोग्राम ती ओळखून बरोबर करतो का?’ (आयनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद, आणि दुवे म्हणजे तिच्याकडे नेणारी नावे.) हा प्रश्न आधीच झालेल्या नुकसानीविषयी आहे. नुकसान कसे झाले याच्याशी त्याला कर्तव्य नाही, म्हणून तेथे बिघडवून ठेवलेली इमेज पुरते. ‘जर्नलमध्ये लिहिताना डिस्कने लेखन नाकारले तर कर्नल काय करतो?’ हा प्रश्न मात्र घडत असलेल्या घटनेविषयी आहे. (जर्नल म्हणजे बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवणारी फाइलसिस्टीमची वही.) ती घटना कोणत्याही फाइलमध्ये गोठवून ठेवता येत नाही, कारण इमेज ही डिस्कची एका क्षणाची स्थिती असते आणि ‘नकार’ ही स्थिती नव्हे. तेथे एरर इंजेक्शनच हवे.

आता ही विभागणी कोणी सांगितल्यावर सोपी वाटते, पण प्रत्यक्षात चूक कोठे होते ते पाहावे. विद्यार्थी जर्नल मध्येच तुटलेली इमेज तयार करतो, ती माउंट करतो, जर्नल पुन्हा चालवले जाते आणि सर्व ठीक दिसते. मग तो लिहितो की ‘वीज गेल्यावर फाइलसिस्टीम सुरक्षित राहते’. त्याने सिद्ध केले ते एवढेच, की त्या एका विशिष्ट तुटलेल्या जर्नलमधून सावरता येते. वीज गेल्यावर जर्नल नेमके तसेच तुटेल, याची खात्री त्याला कोणीही दिलेली नाही.

तिसरी पायरी: मूळ निरोगी इमेज

ट्रंकेट आदेशाने ६४ एमबीची एक रिकामी फाइल करावी. अशी फाइल विरळ असते, म्हणजे तिच्यातील न लिहिलेला भाग डिस्कवर जागा घेत नाही. तिच्यावर एमकेएफएसने ईएक्सटी४ फाइलसिस्टीम तयार करावी. त्यासाठी लूप डिव्हाइस (फाइलला डिस्कसारखे दाखवणारी सोय) किंवा रूटचे अधिकार लागत नाहीत, कारण हा आदेश साध्या फाइलवरही चालतो. ‘वजा डी’ हा पर्याय देऊन एखाद्या फोल्डरमधील फाइली थेट इमेजमध्ये भरताही येतात, म्हणजे माउंट करण्याचीही गरज उरत नाही.

येथे एक शिस्त पाळावी. ब्लॉकचा आकार, यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा ओळखक्रमांक) आणि चालू-बंद वैशिष्ट्यांची यादी हे सर्व आदेशात स्पष्ट लिहावे, कारण न लिहिलेल्या गोष्टी साधनाच्या आवृत्तीनुसार बदलतात. ई२एफएसप्रॉग्स या ईएक्सटी४ च्या साधनसंचाच्या २०२३ साली आलेल्या १.४७.० आवृत्तीपासून नव्या ईएक्सटी४ मध्ये ‘ऑर्फन फाइल’ हे वैशिष्ट्य आपोआप चालू होऊ लागले. पूर्वी ‘लॉस्ट-फाउंड’ फोल्डर आयनोड ११ घेत असे आणि तुमची पहिली फाइल १२ क्रमांकावर येत असे; आता ती जागा साधारणपणे ऑर्फन फाइल घेते. ज्यांनी ‘आयनोड १२’ असा अपेक्षित मजकूर चाचणीत लिहून ठेवला असेल, त्यांची चाचणी कोडमध्ये कोणतीही चूक नसताना नापास होईल.

या लेखातील उदाहरणांसाठी ब्लॉक १०२४ बाइटचा धरला आहे.

चौथी पायरी: हाताने बिघडवणे

ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक, म्हणजे फाइलसिस्टीमची मूळ माहिती ठेवणारा भाग, डिस्कच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट अंतरावर असतो आणि त्याच्या आत ५६ व्या बाइटवर दोन बाइटची ओळखखूण असते. सोळा-अंकी पद्धतीत तिचे मूल्य ईएफ५३ असते. डिस्कवर मात्र ती उलट क्रमाने, म्हणजे आधी ५३ आणि मग ईएफ, अशी लिहिलेली दिसते. म्हणजे इमेजच्या १०८० व्या बाइटपासून दोन बाइट शून्य केले की फाइलसिस्टीमची ओळख पुसली जाते. डीडी आदेशाने हे एका ओळीत होते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हे केले आणि दुसऱ्याच क्षणी विचारले, “सर, माझी ६४ एमबीची फाइल १०८२ बाइटची कशी झाली?” तिने ‘कॉन्व्ह’ पर्यायात ‘नोट्रंक’ लिहिले नव्हते. तो शब्द नसेल तर डीडी लिहिण्याच्या जागेपासून पुढची फाइल कापून टाकतो आणि मग आपले दोन बाइट लिहितो. हा अपघात फाइलवर झाला, म्हणून आम्ही हसून पुढे गेलो. पण अशा चुका होतातच, म्हणून आमच्याकडे नियम असा, की निरोगी इमेजला कधीही हात लावायचा नाही. तिची प्रत करायची आणि प्रतच बिघडवायची.

आता बिघडलेल्या प्रतीवर ई२एफएससीके हा दुरुस्तीचा प्रोग्राम ‘वजा एफ’ आणि ‘वजा वाय’ हे पर्याय देऊन चालवावा. तो मूळ सुपरब्लॉक अमान्य असल्याचे सांगतो आणि राखीव सुपरब्लॉक शोधू लागतो. आपल्या इमेजमध्ये असा पहिला राखीव सुपरब्लॉक ८१९३ व्या ब्लॉकवर असतो. प्रोग्राम संपल्यावर त्याचा परतावा-अंक पाहावा: ० म्हणजे दोष नव्हता, १ म्हणजे दोष होता आणि दुरुस्त झाला, ४ म्हणजे दोष शिल्लक राहिला, ८ म्हणजे प्रोग्रामलाच आपले काम करता आले नाही. पहिल्या फेरीत १ यावा. मग तोच आदेश पुन्हा चालवावा आणि दुसऱ्या फेरीत ० यावा. ही दुसरी फेरी अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु ‘दुरुस्त केले’ असे सांगून अर्धवट सोडणाऱ्या दुरुस्तीला पकडणारी खरी चाचणी तीच आहे. ई२एफएसप्रॉग्सच्या स्वतःच्या चाचण्याही याच पद्धतीने रचलेल्या आहेत: दुरुस्तीच्या बहुतेक चाचण्यांच्या फोल्डरमध्ये एक दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेली इमेज असते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यासोबत पहिल्या व दुसऱ्या फेरीचा अपेक्षित मजकूर दोन वेगळ्या फाइलींत ठेवलेला असतो.

पाचवी पायरी: चेकसमची भिंत

या विषयात सर्वांत जास्त फसवणूक येथे होते, म्हणून येथे थोडे थांबू.

आजच्या फाइलसिस्टीम आपल्या मेटाडेटासोबत, म्हणजे फाइलींविषयीच्या माहितीसोबत, चेकसम, म्हणजे त्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा अंक, ठेवतात. बीटीआरएफएसमध्ये ते आरंभापासून आहे, ईएक्सटी४ मध्ये मेटाडेटाचे चेकसम २०१२ साली ३.५ कर्नलमध्ये आले आणि एक्सएफएसमध्ये २०१३ साली ३.१० कर्नलमध्ये. याचा परिणाम असा, की तुम्ही डीडीने आयनोडमधील एखादा बाइट उलटा केला, तर वाचणाऱ्या कोडला पहिल्या दारातच ‘चेकसम जुळत नाही’ असे दिसते आणि तो परत फिरतो. तुम्हाला वाटते की आकार, दुव्यांची संख्या, ब्लॉकचे पत्ते अशा पन्नास ठिकाणी नुकसान करून पन्नास तपासण्या तपासल्या. प्रत्यक्षात तुम्ही एकच तपासणी पन्नास वेळा तपासलेली असते.

आतल्या तपासण्यांपर्यंत पोहोचायचे असेल, तर चुकीची किंमत लिहून तिच्यासाठी बरोबर चेकसम पुन्हा काढावे लागते. म्हणजे कागदपत्र खोटे, पण शिक्का खरा. त्यासाठी प्रत्येक फाइलसिस्टीमची आपापली साधने आहेत. ईएक्सटी४ साठी डीबगएफएस हा प्रोग्राम ‘वजा डब्ल्यू’ देऊन उघडावा आणि त्यातील ‘सेट आयनोड फील्ड’ या आदेशाने एखाद्या फाइलची दुव्यांची संख्या १ ऐवजी ५ करावी. चेकसम तो स्वतः नव्याने लिहितो. मग ई२एफएससीके चौथ्या टप्प्यात, म्हणजे दुवे मोजण्याच्या टप्प्यात, ही विसंगती पकडतो. एक्सएफएसमध्ये हेच काम एक्सएफएस-डीबी करते आणि तेथे चेकसम दुरुस्त करायचे की मुद्दाम खराब ठेवायचे, हे पर्यायाने ठरवता येते. बीटीआरएफएसच्या विकासकांकडे याच कामासाठी ‘बीटीआरएफएस करप्ट ब्लॉक’ नावाचे साधन आहे. (डीबगएफएस या नावाची एक आभासी फाइलसिस्टीम कर्नलमध्येही आहे. तिचा या प्रोग्रामशी काहीही संबंध नाही, आणि नावाच्या या योगायोगात नवख्यांची एखादी संध्याकाळ सहज जाते.)

दोन्ही प्रकारच्या चाचण्या लिहाव्यात: एक चुकलेल्या चेकसमसह, एक बरोबर चेकसमसह. पहिली डिस्कच्या बिघाडाचे प्रतिनिधित्व करते. दुसरी दोन गोष्टींचे प्रतिनिधित्व करते: फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या कोडमधील अशा बगचे, ज्याने चुकीची माहिती व्यवस्थित शिक्का मारून लिहिली, आणि कोणी जाणूनबुजून घडवलेल्या दुष्ट इमेजचे.

सहावी पायरी: इमेज जपावी की कृती जपावी

तुम्ही आता पाहिले असेल, की चौथ्या आणि पाचव्या पायरीत आपण इमेज जपली नाही, तर ती बिघडवण्याची कृती जपली. हा तिसरा मार्ग आहे आणि माझ्या मते शक्य असेल तेथे हाच पत्करावा. चाचणी सुरू झाली की स्क्रिप्टने निरोगी इमेज करावी, तिला सांगितलेल्या जागी बिघडवावे आणि तपासावे. एफएसटेस्ट्स या संचातील बहुतेक चाचण्या फाइलसिस्टीम त्या-त्या वेळीच तयार करतात. त्यामुळे तीच चाचणी निरनिराळ्या ब्लॉक-आकारांवर आणि वैशिष्ट्यांवर चालवता येते. गोठवलेली इमेज मात्र ज्या दिवशी बनली त्या दिवसाच्या वैशिष्ट्यांसह कायमची अडकते. बीटीआरएफएसमध्ये अनेक वर्षे सेक्टरचा आकार मशीनच्या मेमरी-पेजएवढाच असणे आवश्यक होते. म्हणून ४ केबीच्या सेक्टरची तयार इमेज ६४ केबी पेज असलेल्या मशीनवर माउंटच होत नसे आणि चाचणी कोणताही प्रश्न न विचारता नापास होत असे.

तरीही तयार इमेज टाळता येत नाही अशा जागा आहेत. एक म्हणजे, नुकसान करणारा बग दुरुस्त होऊन गेलेला असतो. आजच्या कोडने ते नुकसान पुन्हा घडवता येत नाही, पण लोकांच्या डिस्कवर ते अजून असते आणि दुरुस्तीच्या प्रोग्रामला ते ओळखता आलेच पाहिजे. दुसरी म्हणजे, नुकसान इतके गुंतागुंतीचे असते की ते हाताने घडवणारी स्क्रिप्ट लिहायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो. बीटीआरएफएसच्या साधनसंचात अशा अनेक दाबलेल्या इमेजेस जपलेल्या आहेत, आणि त्या तेथे असणे योग्य आहे.

इमेज जपायचीच असेल, तर ती कशी तयार झाली याची नोंद तिच्या शेजारी ठेवावी: कोणत्या आवृत्तीच्या साधनाने केली, कोणता बाइट का बदलला, आणि कोणता बग तिने पकडावा अशी अपेक्षा आहे. हा आग्रह केवळ नीटनेटकेपणाचा नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या दाबणी-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत लपवलेला मागचा दरवाजा उघडकीस आला, तेव्हा त्याचा मुख्य भाग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत दडवलेला होता. त्यांतील एक ‘मुद्दाम बिघडवलेली’ फाइल म्हणूनच नोंदवलेली होती. बिघडलेली फाइल कोणी उघडून वाचत नाही आणि ती विचित्र दिसली तरी कोणाला आश्चर्य वाटत नाही. विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला नसता, तर ती आणखी किती काळ तशीच राहिली असती, कोण जाणे. ज्या इमेजची कृती कोणालाच सांगता येत नाही, ती इमेज रिपॉझिटरीत घेताना संशय बाळगणे हेच शहाणपणाचे आहे.

प्रत्यक्ष वापरातील डिस्कवरून इमेज घेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. आमच्याकडे एकदा शहरातील एका दुकानाची बिघडलेली डिस्क आली. मालकांनी आनंदाने परवानगी दिली आणि आम्ही केवळ मेटाडेटाची इमेज काढली. मजकूर तिच्यात नव्हता हे खरे, पण फाइलींची नावे होती, आणि त्या नावांतच गिऱ्हाइकांची नावे आणि उधारीच्या रकमा होत्या. ती इमेज आम्ही पुसून टाकली. असे होऊ नये म्हणून ई२इमेजला ‘वजा एस’ हा पर्याय आहे, जो फोल्डरमधील नावे विस्कटून टाकतो. बीटीआरएफएस-इमेजलाही तसाच पर्याय आहे, तर एक्सएफएस-मेटाडंप नावे आपणहून झाकतो. मात्र नावे विस्कटल्यावर ईएक्सटी४ च्या फोल्डरमधील नावांची अनुक्रमणिका जुळत नाही. तुमचा बग नेमका त्या अनुक्रमणिकेतला असेल, तर अशी इमेज निरुपयोगी ठरते आणि पुन्हा हाताने कृती लिहिण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

सातवी पायरी: अपेक्षित निकालाची खूण

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात: पाणी गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, की छातीपर्यंत. खूण स्थिर असते, म्हणून वर्षावर्षांची तुलना होते. चाचणीची खूणही अशीच आधी ठरलेली असावी. प्रोग्रामचा छापील मजकूर अक्षरशः ताडून पाहणे ही पद्धत प्रचलित आहे, परंतु तीत वेळ, आवृत्ती आणि यूयूआयडी अशा वाहत्या गोष्टी येतात; त्या ताडण्याआधी गाळून घ्याव्यात. परतावा-अंक आणि दुरुस्तीनंतर फाइलींच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-अंक) या दोन खुणा मला मजकुरापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतात. दुरुस्तीच्या प्रोग्रामने सर्व फाइली काढून टाकून ‘आता दोष नाही’ असे सांगितले, तरी परतावा-अंक १ आणि मग ० असाच येईल, हे विसरू नये.

आठवी पायरी: चालू असताना बिघाड घडवणे

नाशिकमध्ये उन्हाळ्यात आणि पहिल्या वळवाच्या पावसात वीज जाते, आणि ‘आज आपोआप चाचणी झाली’ असा विनोद आमच्याकडे दरवर्षी होतो. ती चाचणी नव्हे, कारण वीज नेमकी कोणत्या लेखनाच्या आधी गेली ते कळत नाही आणि तोच क्षण पुन्हा आणता येत नाही. एरर इंजेक्शन म्हणजे तो क्षण आपल्या हातात घेणे.

त्यासाठी लिनक्सचा डिव्हाइस मॅपर, म्हणजे डिस्कवर आभासी थर बसवणारी सोय, वापरावा. ६४ एमबीची फाइल लोसेटअपने लूप डिव्हाइसला जोडावी. ५१२ बाइटच्या हिशेबाने तिचे १,३१,०७२ सेक्टर होतात. तिच्यावर डीएमसेटअपने ‘फ्लेकी’ प्रकारचा थर उभा करावा. या थराला दोन कालावधी द्यावे लागतात: किती सेकंद नीट चालावे आणि किती सेकंद बिघडलेले असावे. प्रथम १८० आणि ० असे द्यावे, म्हणजे थर पूर्ण निरोगी राहील. या थरावर ईएक्सटी४ तयार करून माउंट करावे. मग दोन फाइली लिहाव्यात: पहिलीवर आणि तिच्या फोल्डरवरही एफसिंक (मेमरीतले लेखन लगेच डिस्कवर पोहोचवण्याची मागणी) करावे, दुसरीवर करू नये.

आता त्याच थराचा तक्ता, म्हणजे त्याने कसे वागावे याची नोंद, बदलून ० आणि १८० करावा आणि ‘ड्रॉप राइट्स’ हे वैशिष्ट्य जोडावे. या अवस्थेत डिस्क प्रत्येक लेखनाला ‘झाले’ म्हणते आणि प्रत्यक्षात काहीच लिहीत नाही. तक्ता बदलताना थर क्षणभर थांबवावा लागतो, आणि डीएमसेटअपची मूळ सवय अशी की थांबवण्याआधी तो वरची फाइलसिस्टीम गोठवतो, म्हणजेच मेमरीत असलेले सर्व काही डिस्कवर लिहून घेतो. तसे झाले तर एफसिंक न केलेली फाइलसुद्धा सुरक्षित पोहोचते, चाचणी नेहमी पास होते आणि तिने काहीही तपासलेले नसते. हे टाळण्यासाठी ‘नो लॉक एफएस’ हा पर्याय द्यावाच लागतो. हा एक शब्द विसरल्यामुळे आमच्याकडे एक चाचणी कित्येक आठवडे विनाकारण पास होत होती, आणि ते लक्षात आले तेसुद्धा कोणीतरी एफसिंकची ओळ चुकून पुसली आणि तरीही चाचणी पास झाली म्हणून.

त्यानंतर अनमाउंट करावे, तक्ता पुन्हा निरोगी करावा आणि माउंट करावे. जर्नल पुन्हा चालते. एफसिंक केलेली फाइल तिच्या पूर्ण मजकुरासह मिळालीच पाहिजे. दुसरी फाइल मिळो वा न मिळो, दोन्ही निकाल मान्य आहेत; मात्र ई२एफएससीकेला त्यानंतर एकही दोष सापडता कामा नये. चाचणीत ‘दुसरी फाइल नसावी’ अशी अट लिहिणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, कारण कर्नलने ती स्वतःहून आधीच लिहिली असू शकते: ईएक्सटी४ चे जर्नल सर्वसाधारणपणे दर ५ सेकंदांनी नोंद पक्की करते.

नववी पायरी: नकार, खराब सेक्टर आणि खोटे यश

लेखन गुपचूप टाकून देणे हा एक बिघाड झाला. डिस्कने स्पष्ट नकार देणे हा निराळा बिघाड असून त्यासाठी ‘एरर’ प्रकारचा थर आहे, जो सांगितलेल्या सेक्टरांवरील प्रत्येक वाचन-लेखनाला त्रुटी परत करतो. ५.२ कर्नलपासून उपलब्ध असलेला ‘डस्ट’ हा थर आणखी वास्तवाजवळ जातो: तुम्ही नोंदवलेला ब्लॉक वाचताना त्रुटी येते, पण त्याच ब्लॉकवर लिहिले की तो बरा होतो, जसे खऱ्या डिस्कमध्ये खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर येतो. कर्नलमध्ये ‘फेल मेक रिक्वेस्ट’ नावाची सोयही आहे, जिच्यात त्रुटीची शक्यता टक्क्यांत देता येते. बहुतेक तयार कर्नलांत ती बंद असल्याने कर्नल स्वतः बांधावा लागतो. शक्यतेवर आधारलेली चाचणी मी सुरुवातीला कोणालाही देत नाही. जो बिघाड तिसऱ्यांदा दिसला आणि चौथ्यांदा दिसला नाही, त्यामागे नवखा माणूस महिनाभर धावतो. आधी ठरलेल्या सेक्टरवर ठरलेला बिघाड घडवावा आणि तो समजल्यावरच शक्यतेकडे वळावे.

अशा चाचण्यांची गरज किती खरी आहे, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २००५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी फाइलसिस्टीमच्या खाली त्रुटी घालणारा थर बसवून ईएक्सटी३, रायझरएफएस, जेएफएस आणि एनटीएफएस तपासल्या आणि त्यांना त्रुटी हाताळण्यात मोठी विसंगती आढळली. ईएक्सटी३ तर लेखनातील अनेक त्रुटींकडे सरळ दुर्लक्ष करत होती. दुसरे उदाहरण २०१८ चे आहे. लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरल्यावर पुन्हा बोलावले तर ते यश सांगू शकते आणि तरीही माहिती डिस्कवर गेलेली नसते, हे पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले. त्यानंतर त्यांनी आपला प्रोग्राम असा बदलला, की एफसिंक अपयशी ठरले तर सर्व्हर थांबून आपल्या नोंदवहीतून पुन्हा उभा राहतो. या प्रकारचा दोष कितीही इमेजेस जपल्या तरी सापडला नसता, कारण डिस्कवर बिघडलेले असे काहीच नसते. जे चुकते ते कर्नलने प्रोग्रामला दिलेले उत्तर असते.

हीच चाचणी स्वतः करून पाहावी: फाइल लिहावी, तक्ता ‘एरर’वर न्यावा, एफसिंक बोलवावे आणि त्याने त्रुटी परत केली की नाही ते नोंदवावे. माउंट करताना ईएक्सटी४ ला ‘एरर्स’ हा पर्याय स्पष्ट द्यावा, कारण पुढे जावे, केवळ-वाचन अवस्थेत जावे की कर्नल थांबवावा, हे त्यावरून ठरते आणि ती निवड नशिबावर सोडू नये. शेवटी कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. प्रोग्रामला बरोबर त्रुटी मिळाली, पण कर्नलने मागे ‘वॉर्निंग’ लिहून ठेवली असेल, तर ती चाचणी नापास समजावी.

दहावी पायरी: आवरणे

हे काम कंटाळवाणे आहे आणि क्रमाने केले नाही तर पुढची चाचणी बिघडते. आधी थर निरोगी तक्त्यावर आणावा, मग अनमाउंट करावे, मग डीएमसेटअपने थर काढावा आणि सर्वांत शेवटी लूप डिव्हाइस सोडवावे. थर ‘एरर’ अवस्थेत असतानाच अनमाउंट केले तर उरलेली माहिती लिहिली जात नाही आणि पुढच्या माउंटला जे नुकसान दिसते ते चाचणीचे की आवरण्याचे, हे सांगता येत नाही. हे चारही आदेश स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘ट्रॅप’मध्ये, म्हणजे स्क्रिप्ट संपताना आदेश चालवणाऱ्या शेलच्या सोयीत, लिहून ठेवावेत, म्हणजे चाचणी मध्येच कोसळली तरी ते चालतील. त्यानंतर डिस्कांची यादी दाखवणारा एलएसबीएलके चालवून एकही लूप डिव्हाइस मागे उरलेले नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.